आत टाकणार कोण?

चेंडू रेषेबाहेर पंचांच्या हातात होता आणि संघाच्या पाचही जणी पास घ्यायला मैदानात उभ्या होत्या. जिल्हा बास्केटबॉलची अंतिम फेरी, एक गुण मागे, चार सेकंद बाकी. “सगळ्याच आत? मग चेंडू काय मी टाकू?” पंचांनी विचारलं. प्रेक्षक हसले.

प्रशिक्षक घोरमाडे मॅडमनी टाइमआउट घेतला. क्लबने यंदा जुना संघ मोडून पाच संघांच्या पाच कर्णधार आणल्या होत्या. “तुमच्यापैकी कोणी कधी चेंडू आत टाकलाय?” प्रत्येकीच्या आधीच्या संघात ते काम दुसऱ्याच मुली करायच्या.

“मी टाकते,” प्रांजली म्हणाली. सर्वाधिक गुण तिचेच होते.

“तू बाहेर? अन् बास्केट काय क्लबच्या दारावरचं तुझं पोस्टर करेल?” शलाकाने टोमणा मारला. दोघींनी हंगामभर एकमेकींना पास दिला नव्हता.

प्रांजली रेषेबाहेर उभी राहिली. तिथून चौघी तिला पहिल्यांदाच एकत्र दिसल्या. तिघींना प्रतिस्पर्ध्यांनी घेरलं होतं. शलाका मात्र एकटी, मोकळी होती. प्रांजली तिला पास देत नाही, हे प्रतिस्पर्ध्यांनाही ठाऊक होतं.

“शलाके, घे!”