चौथा प्रश्न

"चौथा प्रश्न माहा लिही," वनमालाबाई म्हणाल्या. "लॅबच्या त्या ॲसिडानंच झालं ना हे? साफ इचार डॉक्टरले. आमच्या रक्तात असं काही नाही."

गंधालीने सासूबाईंचे वाक्य जसेच्या तसे उतरवले. वरचे तीन प्रश्न तिचे होते. पेशी उरल्या आहेत का? किमोथेरपी लागेल का? गर्भाशय राहील का?

गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात वनमालाबाईंनी गोल बाजारातून सुनेच्या चोरचोळीसाठी हिरवे कापड आणले होते. त्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली. गर्भ नव्हताच, द्राक्षांच्या घोसासारखी गाठ होती. ती काढली, तरी रक्तातले गर्भधारणेचे संप्रेरक तीन आठवडे उतरले नाही. घरात मात्र कारण आधीच ठरले होते. गंधाली महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. कापड दुकानात परत गेले आणि तिच्या राजीनाम्याचा मसुदा घरी आला. तो तिच्या नवऱ्याने, सुशीलने टाइप केला होता. डॉक्टरांनी लॅबला निर्दोष ठरवले तर कागद फाडायचा, हे त्यानेच कबूल केले होते.

समता कॉलोनीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी यादी क्रमाने वाचली. पेशी उरल्या असाव्यात. इंजेक्शने घ्यावी लागतील. हा आजार बहुधा पूर्ण बरा होतो. गर्भाशय काढायची गरज दिसत नाही. चौथ्या प्रश्नाशी ते थांबले आणि वनमालाबाईंकडे वळले.

"माताजी, लॅब का इससे कोई संबंध नहीं. इनकी गाँठ जिस किस्म की है, उसमें सारे क्रोमोसोम पिता के होते हैं. माँ का एक भी नहीं." सुशीलने मान खाली घातली. डॉक्टरांनी घाईने पुस्ती जोडली, "इसमें दोष किसी का नहीं होता."

बाहेर पायरीवर गंधालीने हात पुढे केला. "तो कागद दे. फाडायचं ठरलं होतं."

सुशीलने खिशातून कागद काढला आणि आईकडे पाहिले.

"ऐकलं ना?" वनमालाबाई म्हणाल्या. "दोष कोणाचाच नाही म्हणते डॉक्टर. मंग माह्या पोराकडे अशी काहून पाहून राहिली? कर सही."