पार्वतीबाईंच्या हातचं

"इथं उजेड न्हाई, मालक. ताट मागच्या दारात न्यावं लागंल," नरसिंग फोटोवाला म्हणाला.

चन्नबसप्पा घुटमळले. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, तसा त्यांनी खानावळीसाठी रंगीत फोटोचा बोर्ड करायचं ठरवलं होतं. पण मागच्या दारात चूल होती आणि चुलीपर्यंत ते कुणालाच येऊ देत नसत.

नरसिंगनं दारात टेबल मांडलं. ऊन कडक होतं, म्हणून चौकटीला पांढरं धोतर बांधलं. सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला. पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा, सगळ्यावर मऊ उजेड पसरला.

"बाई, आता गरम भाकरी ताटात ठेवा. हात तसाच राहू द्या," तो चुलीवरच्या स्वयंपाकिणीला म्हणाला.

खटका वाजला.

"खाली लिहायचं, पार्वतीबाईंच्या हातचं जेवण," चन्नबसप्पा म्हणाले.

"माझं नाव पंचफुला हाय," बाई म्हणाली.

बहात्तरच्या दुष्काळात ती मुरुडकडून खडी फोडायला आली होती. कामावरच्या बाया तिच्या भाकरीची तारीफ करत. ते ऐकून चन्नबसप्पांनी तिला चुलीपाशी बसवलं. ती बौद्ध. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी तिचं नाव बदललं. अकरा वर्षं तिनं त्या नावाला ओ दिली.

"माझं काही न्हाई, बाई," चन्नबसप्पा हळू आवाजात म्हणाले. "पण गिऱ्हाईक तुटंल. लोकांचं बघावं लागतं."

"माझी लेक कलेक्टर कचेरीत टायपिस्ट लागली. रोज ह्याच रस्त्यानं जाती. फोटोतल्या माझ्या हाताखाली दुसरीचं नाव वाचंल का ती? लिहायचं नसंल तर उद्यापासून दुसरी बाई बघा."

बाहेरून कुणीतरी भाकरी मागितली. चन्नबसप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"लिही. पंचफुला."

बोर्ड लागला. दोन-चार जण यायचे थांबले. बाकीचे येतच राहिले, कचेरीतले नवे साहेबही येऊ लागले.

पहिला पगार झाला त्या दिवशी लेक आली. पुढच्या बाकावर बसून पोटभर जेवली. हात धुऊन गल्ल्यापाशी थांबली आणि म्हणाली, "काका, तुम्ही पण जेवून घ्या की. भाकरी गरम आहे."

चन्नबसप्पा गल्ल्यातली चिल्लर मोजू लागले.

पंचफुलानं लेकीचं ताट उचललं.

"त्यांचा डबा घरून येतो, पोरी. अकरा वर्षं झाली."