रॉयसाठी सोलो

डार्लीन सभागृहाच्या शेवटच्या रांगेत कोट न काढताच बसली. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेल्या, आत मांस-बटाटा भरलेल्या तीन पास्टी होत्या, चार तासांच्या रस्त्यात गार झालेल्या. स्टेजवर कॉलेजच्या बँडची पन्नासेक मुलं आपापली वाद्यं फुंकत होती, ज्याचं त्याचं वेगळं. त्या कल्लोळात तिने वेस्लीला शोधून काढलं. फ्रेंच हॉर्नच्या रांगेत, कडेच्या मुलीशेजारी. पोराचे केस कापायला झाले होते.

"मागे कोण आहे?" बँडच्या प्रोफेसर हॅलोरनबाईंनी डोळ्यांवर हात धरून विचारलं.

"मी वेस्लीची आई. तुमचं चालू द्या."

"मग पुढे येऊन बसा की."

"इथेच बरी आहे मी."

वेस्लीने वर पाहिलं. हात अर्धाच उचलला आणि खाली घेतला. लाजला असेल, तिला वाटलं. तालमीला येऊ नकोस, शनिवारी कार्यक्रमालाच ये, असं त्याने तिला बजावलं होतं. पण हॉस्पिटलात पडलेला तिचा नवरा रॉय शनिवारपर्यंत तग धरील असं सकाळी नर्सने काही म्हटलं नव्हतं. उलट ती म्हणाली होती, काही ऐकवायचं असेल तर आजच ऐकवा. म्हणून रॉयला बहिणीच्या हवाली करून ती निघाली होती. पोराचा सोलो फोनमध्ये भरून घ्यायचा आणि रात्रीच्या आत परत. रॉयने मजल्यावरच्या एकूण एक नर्सला सांगून ठेवलं होतं, की हॉर्नचा सोलो माझा मुलगा वाजवतोय. एकीला तर दोनदा.

बाईंनी बँड चालवायची काठी उचलली. एकदम एवढा मोठा आवाज झाला की डार्लीन दचकली. वेस्लीचे गाल फुगलेले होते, मान लाल झाली होती. तो जीव तोडून वाजवत होता. हे वळण रॉयचंच, तिच्या मनात आलं, करायचं ते अंग मोडून करायचं. मग आवाज हळूहळू उतरत गेला, आणि तिला कळलं की आता सोलो. तिने फोनचं बटण दाबलं, तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि हलू नये म्हणून मान खाली घालून डोळे मिटले.

एकटा हॉर्न वाजू लागला. गाण्यातलं तिला ओ का ठो कळत नव्हतं, पण तो सूर वर चढत गेला आणि तिथेच थांबला, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे ऐकून रॉय नक्की डोळे उघडेल.

"वा, इंग्रिड," बाईंचा आवाज आला. "सुंदर. आणि वेस्ली, आधीचा दणदणीत भाग अजून उचल. तू तिच्या मदतीला बसलायस ना? तिचे ओठ सोलोसाठी ताजे राहायला हवेत."

डार्लीनने मान वर केली. कडेच्या मुलीच्या तोंडाशी हॉर्न होता. वेस्लीचा मांडीवर उलटा होता, आणि तो फुंकून त्यात साचलेलं पाणी जमिनीवर झटकत होता. इतकं हळूहळू, की सगळं पाणी संपलं तरी झटकतच होता.

तिने फोन बंद केला. एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं बोललास मेल्या, असं तिला ओरडावंसं वाटलं.

सुटी झाली तसा तो स्टेजवरून उतरून रांगांमधून मागे आला आणि दोन खुर्च्या सोडून उभा राहिला.

"बाबा?"

"आहेत अजून."

"आई, तू फोनवर विचारलंस, सोलो कोणाचा. मागून बाबा विचारत होते, आपल्याच पोराचा ना. माझ्या तोंडातून हो निघून गेलं. नंतर कसं सांगू?"

मांडीवरचा टॉवेल तिने पुन्हा नीट गुंडाळला.

"मी आत्ता वाजवतो. मागे खोली आहे. तू परत भरून घे."

"येतो तुला?"

"येतो." तो थांबला. "वरचा सूर दहातून दोनदा लागतो."

डार्लीनने खिडकीकडे पाहिलं. आभाळ उतरलं होतं. चारनंतर बर्फ सांगितला होता, आणि रस्ता तर सगळा तळ्याकाठचा, लगेच निसरडा होणारा.

"दहा वेळा ऐकत बसायला वेळ कुठाय," ती म्हणाली. "कोट घे तुझा. तूही चल."

"आणि बाबांना काय सांगायचं?"

"तू काही सांगायचं नाहीस. मी हे त्यांच्या कानाशी धरीन, तू त्यांचा हात धर. आणि ते बघतील तुझ्याकडे. तेव्हा मान खाली घालायची नाही, कळलं?"

वेस्लीचा चेहरा पडला. तिने टॉवेलासकट पास्टी त्याच्या हातात कोंबल्या आणि वर फोन ठेवला.

"शेवटी बाई बोलल्यात ना, तेवढं काढून टाक. मला ते कापाकापीचं जमत नाही."

तो खुर्चीच्या हातावर टेकला आणि फोन कानाशी धरून शेवट ऐकू लागला. वा, इंग्रिड, तिलाही ऐकू आलं. त्याने बोटाने स्क्रीनवरची रेघ मागे ओढली, पुन्हा ऐकलं. या वेळी बाईंचा आवाज नव्हता, पण वरचा सूरही मध्येच तुटला होता.

"जास्त कापलंस," डार्लीन म्हणाली. "सूर राहू दे. नाव तेवढं काढ."