केस क्रमांक २१२

"हेल्पलाइन बंद करा, असं तुमचंच मॉडेल म्हणतंय, प्लंबर," मॅडम म्हणाल्या. "आता मी काय करू?"

आरोग्य खात्यात त्याला सगळे प्लंबरच म्हणत. त्याच्या स्क्रीनवरच्या मॉडेलमध्ये चार टाक्या होत्या: सिगारेट कधीच न ओढणारे, ओढणारे, सोडलेले आणि गेलेले. माणसं नळांमधून एका टाकीतून दुसरीत जात. सिगारेटवरचा कर वाढवला की एक नळ आवळला जाई, सार्वजनिक जागी बंदी घातली की दुसरा. वीस वर्षांनी कुठल्या टाकीत किती माणसं असतील, ते तो काढून देई. स्वतः तो पहिल्या टाकीतला. "कॉलेजातही नाही?" म्हणून कोणी छेडलंच, तर "हिंमतच झाली नाही" म्हणे.

कर आणि बंदी आपापलं काम चोख करत होते. सिगारेट सोडायला फोनवरून मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नळ मात्र उलटा वाहत होता. सिगारेट सोडलेली माणसं भराभर पुन्हा ओढणाऱ्यांत येत होती. उद्या सकाळी समितीची बैठक होती. हा आकडा तिथे गेला असता, तर हेल्पलाइनला टाळं आणि सहा समुपदेशक घरी.

"संध्याकाळपर्यंत वेळ द्या," तो म्हणाला. "कुठेतरी पाणी मुरतंय."

तो दुपारी जागेवरच एकटा जेवला. बायको गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, त्याचं तसंच चाललं होतं. ऑफिसात लोक आकड्यांपुरतं बोलत आणि घरी तर भिंतीच होत्या.

चारच्या सुमारास तो मॅडमच्या टेबलापाशी आला.

"घोळ सापडला. 'पुन्हा ओढायला लागलो' असं सांगणारे हजार फोन आहेत. त्यातले सातशे एकाच माणसाचे, केस क्रमांक २१२. केस उघडी असेल तर हेल्पलाइनचं सॉफ्टवेअर प्रत्येक फोन म्हणजे नवा माणूस धरतं. केस बंद झाली की सगळे मिळून एक."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "सातशे वेळा सोडली आणि सातशे वेळा धरली? कोण हा महाभाग?"

"असेल कोणीतरी."

"त्यांच्या नोंदींना आपण हात लावू शकत नाही. उद्या सकाळी तिकडून जो आकडा येईल तोच समितीपुढे जाणार."

"म्हणजे आजच ती केस बंद व्हायला हवी."

"झाली! कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. तो काय एका संध्याकाळीत सोडणार आहे?"

"सोडेलही," तो म्हणाला आणि पिशवी उचलली. "निघतो मी. सातला ताईला फोन असतो."

"नशीबवान आहे हो तुमची बहीण. माझा भाऊ महिन्यातून एकदा आठवण काढत नाही."

तो जिन्याकडे वळला.

घरी येऊन त्याने दिवा लावला. टेबलाजवळच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग होता. दुसरीवर तो बसला. ही वेळ त्याला रोजच खायला उठायची, पण सातची वाट बघण्यात ती निभावून जाई. आज सात वाजूच नयेत असं त्याला वाटत होतं.

सात वाजले.

"ताई, मी बोलतोय."

"बोला दादा. खोकला कसा आहे? जेवलात का?"

"जेवेन आता. मुलीचा पेपर कसा गेला?"

"काही विचारू नका! गणितात वेळच पुरला नाही म्हणे. अर्धा तास खिडकीबाहेर बघत बसली असेल, दुसरं काय."

तो हसला. मग त्याने तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, घरमालकाने गळकं छप्पर दुरुस्त केलं का ते विचारलं. ती सांगत राहिली. त्याने एकेक शब्द नीट ऐकून घेतला.

"बरं दादा, आता माझा रोजचा प्रश्न," ती म्हणाली. "आज किती ओढल्या?"

"एकही नाही, ताई."

तीन वर्षांत तो पहिल्यांदाच तिच्याशी खरं बोलला.

"खरंच? आणि उद्या?"

"उद्याही नाही. कधीच नाही."

तिचा आवाज भरून आला. "दादा, मला किती आनंद झालाय म्हणून सांगू! थांबा, हे बघा, दोनशे बारा बंद केली. आता तुम्हाला इथे फोन करायची गरजच उरली नाही."