अतियातचं नाव

"घ्या उस्ताद. मुखपृष्ठाचे वेगळे पैसे लावत नाही, कारण ते नाहीच," पुस्तकवाला म्हणाला.

वगदी हसला नाही. अझबकियाच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात तो उभ्याउभ्याच पानं चाळत होता. दुरिय्या शाकिर या नटीचं आत्मचरित्र. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती, पण तिचे सिनेमे कैरोत अजून दुपारी टीव्हीवर लागत. पुस्तकात तो एकच नाव शोधत होता. अतियात, त्याची आई.

अतियातने सव्वीस वर्षं दुरिय्याचे कपडे सांभाळले, आजारपणं काढली. वगदीचा बाप सुएझला बोटीवर गेला तो आलाच नाही, असं ती सांगे. लहानपणी वगदी स्टुडिओबाहेरच्या बाकावर बसून असायचा. त्याला आत आणायला दुरिय्याची मनाई होती. ती गेली तेव्हा आईने विनवलं होतं, "मला चालवत नाही, निदान तू तरी मातीला जा." तो गेला नव्हता.

पुस्तकात शिंप्याचं नाव होतं. कुत्र्यांचीही होती. अतियातचं नव्हतं.

शुब्रातल्या घरी आई खाटेवर पडून होती. मधुमेहाने डोळे केव्हाच गेले होते, आता मूत्रपिंडंही थकली होती. आठवडा निघाला तर निघाला, असं डॉक्टर म्हणाले होते.

"अम्मा, तुझ्या बाईसाहेबांचं पुस्तक मिळालं."

"वाच," ती म्हणाली.

शिंप्याचं नाव आलं तिथे वगदीने सरळ 'अतियात' वाचलं. मग त्याची भीड चेपली आणि तो मनचंच वाचू लागला. तीन दुपारी हे चाललं. आई ऐकायची, मसुराचं पातळ सूप चमचाभर घ्यायची.

"'अतियात मला सख्ख्या बहिणीसारखी,'" त्याने तिसऱ्या दुपारी वाचलं.

"पुरे," आई म्हणाली. "छान रचतोस. पण ती असं बोलायची नाही."

"लिहिलंय इथे."

"त्यात काय लिहिलंय ते मला नको सांगूस. तिला सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, मी लिहायचे. अख्खं पुस्तक माझ्या हातचं आहे."

वगदीने पुस्तक मिटलं. "मग स्वतःचं नाव का नाही घातलंस? कुत्र्यांची बरी घातलीस."

"घालता येत नव्हतं."

"तिने अडवलं?"

"नाही. मीच गाळलं."

"का पण?"

आईने चाचपडत त्याचा हात शोधला.

"तिचं मूल पुस्तकात येऊ द्यायचं नव्हतं, वगदी. मग ते वाढवणारी कशी येणार?"