खुर्चीवरच्या उठाबशा

खुर्चीवरून उठायचं आणि पुन्हा बसायचं, एवढाच व्यायाम होता. तो बघून लंकाबाईनं तोंडाला पदर लावला, पण हसू सगळ्यांना दिसेल असा.

गंगापूर रोडवरचा पहिल्या मजल्यावरचा तो हॉल. आतड्यांना सूज असलेली आणि त्यापायी सांधे धरलेली माणसं तिथं व्यायामाला येत. लंकाबाईची मुलगी राखी त्यांतलीच. आज तिचा गुडघा सुजला होता आणि जावयाची ड्यूटी होती, म्हणून दिंडोरीकडच्या गावाहून लेकीकडे आलेली लंकाबाई सोबत आली होती. पोट बिघडलं तर माणसानं निजून राहावं, उड्या कशाला माराव्या, असं ती रिक्षात कुरकुरली होती. इथं येऊन बघते तर उड्याही नव्हत्या.

शिकवणारी हर्षाली राखीहूनही लहान दिसत होती. दुखलं की थांबा, दमलात की थांबा, जावंसं वाटलं तर कुणाला विचारत बसू नका, संडासाचं दार त्या कोपऱ्यात आहे, असं ती सगळ्यांना सांगत होती. हिला एकदा द्राक्षबागेत विरळणीच्या मजुरीला न्यावं, लंकाबाईच्या मनात आलं. मुकादमासमोर थांबून दाखव म्हणावं.

समोर देवळाली कॅम्पचे सानप हवालदार होते. तोफखान्यातून निवृत्त झालेला गडी, मिशा अजून पिळदार, आणि रबरी पट्टा ओढताना कपाळावर घाम. मध्येच पट्टा टाकून ते झपाझप कोपऱ्यातल्या दाराकडं गेले. लंकाबाईनं आजूबाजूला बघितलं. आता कुणीतरी फिदीफिदी हसणार. पण कुणी मानही वर केली नाही. थोड्या वेळानं हवालदार परतले, पट्टा उचलला आणि पुन्हा ओढायला लागले.

"ह्यांच्या जिवावर तोफा चालायच्या," ती राखीच्या कानाशी म्हणाली.

राखी उठत होती, बसत होती. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, आज एवढंच. हर्षाली लगेच म्हणाली, पुरे, मागच्यापेक्षा छान जमलं. लंकाबाईला आता राहवेना. खुर्चीवरून उठल्याबद्दल शाबासकी? आपल्या काळी असली थेरं नव्हती, ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. दुखायचं, अन् तसंच कामाला जायचं.

हर्षाली रागावली नाही. शेजारी उकिडवी बसली आणि तिनं विचारलं, "काकू, घरात आणखी कुणाला होता का हा त्रास? तुमच्या माहेरी वगैरे?"

"आमच्यात असलं कोणाला नाय. हे सगळं शहरातल्या खाण्यानं."

राखीनं गुडघ्यावरचा हात काढला. "आई, बाभळीमागं पाण्याचा डबा घेऊन कोण उभं राहायचं?"

लंकाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही.

"पहाटे उठवायचीस मला. कोणी येतंय का बघ म्हणायचीस. रक्त पडायचं, त्यावर पायानं माती ओढायचीस. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया असंच करतात."

"ते येगळं," लंकाबाई म्हणाली. "ते बायांचं असतं."

ते बायांचं नसतं, हर्षाली हळूच म्हणाली. राखीच्याच डॉक्टरांना एकदा दाखवू, त्यावर औषध आहे.

लंकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. काल शाळेतून सुटलेली पोर आता तिला आजारी ठरवणार. पोटाला पदर आवळून तिनं बागेच्या ओळीच्या ओळी संपवल्या होत्या. ते नवऱ्याला कळलं नाही, सासूला कळलं नाही, शेजारच्या ओळीतल्या बाईला कळलं नाही. जे सोसलं म्हणून ती आजवर ताठ चालत आली, त्याच्यावर ही पोर गोळ्या देऊ बघत होती.

चांगलं झणझणीत काहीतरी तिच्या जिभेवर आलं. पण त्याच वेळी पोटात कळ आली. नेहमीसारखे तिनं ओठ मिटले, पायाची बोटं फरशीवर दाबली. ही कळ ओळखीची होती. दाबून धरली की मागं फिरायची. आज फिरेना. वरच्या ओठावर घाम आला तशी ती उठली.

"हात धुऊन येते," ती कुणाकडंही न बघता म्हणाली.

कोपऱ्यापर्यंत जाताना तिनं पाठ ताठ ठेवली. नजरा झेलायची तयारीच होती तिची. हवालदार जरा बाजूला सरकले, वाट करून दिली आणि पट्टा ओढत राहिले. कुणीच बघितलं नाही. तिला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

ती बाहेर आली, तर राखीशेजारी आणखी एक खुर्ची मांडलेली होती. राखी भिंतीकडं बघत पाण्याचे घोट घेत होती.

"मी नाय असल्या उठाबशा काढायची," लंकाबाईनं बजावलं. खांद्यावरची पिशवी तिनं त्या खुर्चीवर ठेवली आणि खुर्चीच्या पाठीला हात टेकून मागं उभी राहिली.

उशिरा आलेली एक बाई धापा टाकत आत शिरली. खुर्च्या सगळ्या भरलेल्या बघून ती तिथं आली, आणि पिशवी बाजूला ठेवायला तिनं हात पुढं केला.

"ती खुर्ची नका घेऊ," लंकाबाई म्हणाली. "पिशवी हाय तिच्यावर."