हलका दाणा

पीरमहंमदचं जुनं हार्वेस्टर पहिल्यांदाच जवाच्या रानात शिरलं होतं, पण सेटिंग अजून गव्हाचं होतं. दाणे भुसाबरोबर मागनं उडत होते.

"चाचा, ही कापणी हाय का परत पेरणी?" रानमालक मानसिंगनं विचारलं.

"जव हलका असतोय गड्या." पीरमहंमदनं मशीनच्या पंख्याचा वारा कमी केला, मागं जाऊन भूस चिवडलं. त्यात दाणा सापडेना, तेव्हाच जेवायला घरी गेला.

आठवड्यापूर्वी दवाखान्यातून आलेली, अंगानं निम्मी झालेली त्याची बायको जैनब पाचवर फिरणाऱ्या पंख्याखाली पडली होती. त्यानं पंखा दोनवर आणला आणि खाटेमागं वाकून बघितलं.

"आवं, उकडतंय की."

"उकडू दे. उडून गेलीस, तर भुसात कुठं हुडकू तुला?"